आधीं भरण्याची वाट

पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत आणि अंकगणित शिकविलेला मनुष्य सासष्टाव्या वर्षीं मोटारीच्या पोटाखालीं उताणा पडेल, असें भविष्य कोणीं वर्तविलें असतें तर मी हंसलों असतों. परंतु गेल्या वर्षीं न्यू जर्सींत चिरंजीवांकडे राहावयास गेलों असतां तो योग आला खरा.

त्यांची व्हॅन होंडा ओडिसी जातीची, बरीच वापरलेली. तिला क्लच नाहीं; गिअर ती आपले आपण बदलते. अशी गिअरपेटी 1940 सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांत हायड्रामॅटिक या नांवानें आली. तिच्यांतील तांबडें, पातळ तेल वंगणाचें काम तर करतेंच, शिवाय उष्णता वाहून नेतें आणि आपल्या दाबानें गिअरही बदलवितें. वापरानें तें तपकिरी होतें व त्याचा गुण उतरतो. आमची गाडी अलीकडे गिअर बदलतांना किंचित् अडखळूं लागली होती. एका दुरुस्तीवाल्यानें "हें तेल जन्मभर टिकतें" असें सांगून चिरंजीवांना परत पाठविलें होतें. जन्म कोणाचा, तेलाचा कीं गाडीचा, हें मात्र त्यानें सांगितलें नाहीं! इकडे सूनबाईचे दिवस भरत आलेले आणि घरांत गाडी ही एकच. तेव्हां शनिवारीं घरींच तेल बदलण्याचें ठरलें.

इंजिन थोडें चालवून तेल कोमट केलें. फार तापलेलें तेल हात भाजतें. गाडी सपाट जागीं उचलून चारी बाजूंनीं लोखंडी घोड्यांवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरंवशावर खालीं जाणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. माझा देह किरकोळ, म्हणून खालचें बूच काढण्याचा मान मीं मागून घेतला. त्या बुचाला चौकोनी खांच असते. तींत पान्याचें टोंक बसवून मी जोर करणार, तोंच सूचनांचा कागद हातीं धरून उभी असलेली नात ओरडली, "आजोबा, थांबा! आधीं वरचं बूच सुटतं का तें बघायचं!"

मला तो विलंब निरर्थक वाटला. पण चिरंजीव वरचें बूच काढूं लागले तों तें हलेना. लांब दांड्याचा पाना आणून पाऊण तास झटापट केली, तेव्हां तें सुटलें. माझें ऐकून तेल आधीं काढलें असतें आणि वरचें बूच सुटलें नसतें, तर गाडी रिकाम्या पोटानें जागींच राहिली असती. आणि सूनबाईला त्याच रात्रीं कळा आल्या असत्या तर?

चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. मला मात्र त्यांची लहानपणची पाटी आठवली. संधि चुकला कीं मी ती पुसून टाकीत असें आणि बरोबर काय तें सांगत नसें. कित्येकदां तो मुलगा रिकामी पाटी मांडीवर घेऊन रडत बसे.

खालचें बूच काढतांच सुमारें तीन लिटर तपकिरी तेल निघालें. बुचाच्या लोहचुंबकावर करडा लगदा होता. धातूचे तुकडे नव्हते, म्हणून जिवांत जीव आला. बारीक भुकटी ही नित्याची झीज. बुचाखालीं नवी चकती घातली आणि जेवढें निघालें तेवढेंच नवें तेल मोजून भरलें.

"सगळें कां निघत नाहीं?" मीं विचारलें. पेटींत सुमारें साडेसात लिटर तेल मावतें; पैकीं बरेंचसें टॉर्क कन्व्हर्टरमध्यें अडून राहतें. म्हणजे एका खेपेस तीनपंचमांश जुनेंच उरतें. म्हणून मधून मधून गाडी फिरवून रविवार संध्याकाळपर्यंत तीन खेपा केल्या. तीनपंचमांशाचा घन म्हणजे शंभरांत सुमारें 22 भाग. एवढें जुनें राहिलेंच. शेवटीं इंजिन तापवून बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आंत मापकाडी पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्यें होतें. जुनें तेल गटारांत न ओततां डब्यांत भरून सुट्या भागांच्या दुकानीं परत दिलें.

बुधवारीं मध्यरात्रीं सूनबाईला इस्पितळांत नेलें. गाडी कोठेंही अडखळली नाहीं.

नातू घरीं आल्यावर नात अपूर्णांकांची वही घेऊन आली. उत्तर साफ चुकलें होतें. खोडण्यासाठीं मीं पेन्सिल उचलली, पुन्हां खालीं ठेवली, आणि म्हटलें, "बैस अशी. पहिली पायरी आपण दोघें मिळून मांडूं."