मंगळाजोडीच्या पाणथळीत एक दिवस

ओडिशाच्या किनाऱ्यावर पुरी, खोर्धा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांना स्पर्श करीत चिलिका सरोवर पसरलेले आहे. पावसाळ्यात त्याचा विस्तार सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर होतो, तर उन्हाळ्यात तो आटून ९०० च्या आसपास येतो. वाळूचा एक चिंचोळा पट्टा त्याला बंगालच्या उपसागरापासून वेगळे करतो. समुद्राच्या मुखाकडे पाणी खारे, तर उत्तरेस महानदीच्या दया, भार्गवी या शाखा येऊन मिळत असल्यामुळे तेथे ते जवळजवळ गोडे असते. पुरीला आलेले यात्रेकरू बहुधा सातपाड्यास जाऊन डॉल्फिन पाहतात, किंवा काळिजाईच्या बेटावर देवीचे दर्शन घेऊन परततात. उत्तर काठावरील मंगळाजोडी या गावाकडे वळणारे त्या मानाने थोडेच. भुवनेश्वरहून सुमारे ७० किलोमीटरवर, टांगी गावापाशी महामार्ग सोडला की येथे येता येते. हिवाळ्यात या गावाच्या दलदलीत पक्ष्यांचा जो मेळा भरतो तो प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी पाहावा असा आहे. आणि तो मेळा दाखविणारी माणसेही पाहावीत अशीच आहेत.

जानेवारीतील एका पहाटे आम्ही पतीपत्नी व आमची दहा वर्षांची मुलगी गावाबाहेरच्या बंधाऱ्यावर पोहोचलो, तेव्हा उजाडावयास अवकाश होता. बंधाऱ्याच्या कडेला लाकडी होड्या ओळीने लावलेल्या होत्या. होडी लांबट, उथळ आणि सपाट बुडाची. तिला ना शीड, ना यंत्र. मागे उभा राहिलेला नावाडी लांब बांबू तळाच्या चिखलात रोवून तिला पुढे ढकलतो. येथील पाणी बहुतेक ठिकाणी गुडघाभर ते कमरेइतकेच असल्याने वल्ह्याचा फारसा उपयोग नाही, आणि यंत्र लावले तर ते पाणवनस्पतीत अडकावयाचे. शिवाय यंत्राच्या आवाजाने पक्षी उठतील ते वेगळेच. पुढच्या बाजूस आमचा वाटाड्या बसला होता. पन्नाशी उलटलेला, शिडशिडीत, बोलणे बेताचे. गळ्यात दुर्बीण आणि मांडीवर कोपरे झिजलेले पक्ष्यांचे पुस्तक. ओडिया-मिश्रित हिंदीत त्याने आम्हांस दोनच सूचना दिल्या : होडीत उभे राहू नका, आणि बोलायचे असेल तर हळू बोला.

पाणकणसांच्या दोन भिंतींमधून होडी सरकू लागली. धुक्यात प्रथम काहीच दिसेना. ऐकू मात्र पुष्कळ येत होते. शीळ घालीत जाणाऱ्या अडयांचे थवे, गवतातून पाणकोंबड्यांचे खरखरीत ओरडणे आणि कोठून तरी हजारो चोची एकाच वेळी चिखलात चालल्यासारखा चुबुक-चुबुक आवाज. पूर्वेकडे तांबडे फुटले तसा या आवाजांना एकेक आकार येऊ लागला. जांभळ्या पाणकोंबड्या लाल पायांनी गवताचे कोंब धरून, माणसाने ऊस सोलावा तशा तब्येतीने ते सोलून खात होत्या. कुमुदिनीच्या पानांवरून कमळपक्षी लांबलचक बोटे पसरून चालले होते. या पक्ष्याच्या अंगाचा भार त्या बोटांमुळे पानभर वाटला जातो, म्हणून तो बुडत नाही. कमळपक्ष्यांत अंडी उबविण्याचे व पिलांना सांभाळण्याचे काम नराकडे असते, असे वाटाड्याने सांगितले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले, ते येथे नमूद करणे भाग आहे.

पुढे पाणी मोकळे झाले आणि समोर उथळ चिखलाचा विस्तीर्ण पट्टा लागला. त्यावर मळगुजांचा एवढा जमाव होता की दुरून जमीनच करड्या रंगाची वाटावी. मळगुजा हा साधारण कोंबडीएवढा, पण उंच पायांचा पक्षी; चोच सरळ, लांब आणि टोकाशी अतिशय संवेदनशील. चिखलात ती मुळापर्यंत खुपसून, न दिसणारा किडा तो केवळ स्पर्शाने हुडकतो. मघाचा चुबुक-चुबुक आवाज या चोचींचा होता. हे पक्षी उन्हाळ्यात उत्तरेकडील दूरच्या गवताळ प्रदेशांत घरटी करतात आणि थंडी पडू लागली की हजारो मैल उडून येथे येतात. जगभर त्यांची संख्या घटत असल्याने संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या पक्ष्यांत त्यांची गणना होते. म्हणूनच येथील या जमावाचे मोल मोठे. त्यांच्याच शेजारी फावड्यासारख्या चोचीने पाणी गाळणारी थापट्या बदके, अणकुचीदार शेपटीची तलवार बदके आणि गुलाबी पायांवर तोल सावरणारे शेकाटे होते. जरा दूर, एका उंचवट्यावर चक्रवाकांची जोडी बसली होती. रात्री एकमेकांपासून दुरावणाऱ्या या जोडीच्या विरहाने आपल्या संस्कृत कवींना किती रडविले आहे ! प्रत्यक्षात ते लडाख-तिबेटकडून हिवाळ्यापुरते उतरलेले नारिंगी रंगाचे देखणे बदक आहे, आणि आमच्यासमोरची जोडी तरी अगदी लगटून बसलेली होती.

इतक्यात सारा जमाव एकदम मान ताठ करून स्तब्ध झाला. वाटाड्याने न पाहताच हात वर केला आणि हळूच म्हणाला, "भोवत्या." क्षणभराने पाणकणसांवरून तो शिकारी पक्षी खरोखरीच संथपणे तरंगत आला, आणि मळगुजांचा तो करडा गालिचा उचलल्यासारखा आकाशात गेला. हजारो पंख एकाच वेळी वळताना पांढऱ्याचे काळे आणि काळ्याचे पांढरे होत होते. दोन-तीन फेऱ्या घेऊन थवा पुन्हा खाली बसला. भोवत्या रिकामा परतला.

"तुम्हांला आधी कसे कळले ?" मुलीने विचारले.

"शेकाट्याने सांगितले," वाटाड्या म्हणाला. "तो सगळ्यांआधी ओरडतो. आम्हांला त्याचा फार राग यायचा."

राग का, हे तिला समजेना. मग तिने मुलांच्या सरळपणाने तो प्रश्न विचारला, जो मी सकाळपासून तोंडात धरून ठेवला होता : "काका, तुम्ही पण पक्षी मारत होतात ?"

"हो बेटी," तो म्हणाला. "पुष्कळ मारले. मोजले नाहीत." आणि त्याने नावाड्यास होडी उजवीकडे घेण्याची खूण केली.

मंगळाजोडीचा पूर्वेतिहास असा आहे. शिकारीच्या नावाने हे गाव सगळीकडे ओळखले जात असे. बंदुका, जाळी आणि विषारी आमिष या साधनांनी येथे पक्षी मारले जात आणि बाजारात विकले जात. अंडीही सुटत नसत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होता. पण रात्री दलदलीत शिरलेल्या माणसास तेथपर्यंत जाऊन पकडणार कोण? १९९० नंतरच्या दशकात 'वाइल्ड ओरिसा' या संस्थेचे नंदकिशोर भुजबळ गावात येऊ लागले. आडनाव मराठी वाचकांस ओळखीचे वाटेल, पण गृहस्थ ओडियाच. शिकाऱ्यांशी भांडण्यापेक्षा त्यांच्याशी बोलत राहण्याचा मार्ग त्यांनी धरला. सन २००० मध्ये 'श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती' स्थापन झाली आणि कालच्या शिकाऱ्यांनीच दलदलीवर पहारा सुरू केला. त्या सुमारास येथील पक्ष्यांची संख्या पाच हजारांपर्यंत घसरली होती, असे सांगतात. पुढे ती तीन लाखांच्या घरात गेली.

याचे सारे श्रेय गावालाच देणे मात्र बरोबर होणार नाही, कारण त्याच वर्षी सरोवराचेही नशीब पालटले. चिलिकेस १९८१ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला होता. परंतु नद्यांचा गाळ साचून समुद्राचे मुख बुजत गेले, खारेपणा कमी झाला, तण माजले आणि मासळी घटली. १९९३ मध्ये धोक्यात आलेल्या पाणथळींच्या यादीत तिचे नाव गेले. चिलिका विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदले. भरती-ओहोटीचे पाणी पुन्हा खेळू लागले, मासळी वाढली, आणि २००२ मध्ये चिलिका त्या यादीतून बाहेर आली. २०२३ व २०२४ च्या जानेवारीतील गणनांत संपूर्ण सरोवरात अकरा लाखांहून अधिक पक्षी आढळले. पाणी सुधारले म्हणून पक्ष्यांना खावयास मिळाले, आणि माणसे सुधारली म्हणून खाणाऱ्यांस राहावयास मिळाले. यांतील एकच गोष्ट घडती, तर आजचे दृश्य दिसले नसते.

उन्हे चढल्यावर आम्ही गावात परतलो. मंगळाजोडीत होड्या बांधण्याचा व्यवसाय परंपरेने चालत आला आहे. दुपारच्या जेवणात भात, भाज्या घालून शिजविलेला डाळमा आणि चिलिकेची मासळी होती. जेवण वाढणाऱ्या बाईंचे घर, आमचा नावाडी आणि वाटाडा यांचे संसार, हे सारे पाहुण्यांच्या येण्याजाण्यावर कमी-अधिक अवलंबून आहे. येथील पर्यटन गावकऱ्यांच्याच हाती राहावे अशी व्यवस्था केलेली आहे, आणि २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनेही या उपक्रमाची दखल घेतली.

तरीही एक प्रश्न मनात राहतो. पाहुण्यांचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च एवढाच. बाकीचे महिने मासेमारी व मोलमजुरी यांवर काढावयाचे. २०१९ च्या मे महिन्यात फनी चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, आणि २०२० मध्ये साथीमुळे देशभर प्रवासच थांबला. अशा वर्षी वाटाड्यास मिळकत नाही, आणि पक्षी मात्र नेहमीप्रमाणे दारात येऊन उतरतात. चिलिकेच्या परिसरात चोरून शिकार करणारे आजही अधूनमधून पकडले जातात. मी हे वाटाड्याजवळ बोललो. तो म्हणाला, "बाबू, पोट विचारते ते खरे. पण माझा मुलगाही आता हेच काम करतो. मी पुन्हा जाळे उचलले, तर तो पाहुण्यांना काय सांगेल ?"

दुपारी चारच्या सुमारास आम्ही दुसऱ्यांदा निघालो. सकाळी आमचे लक्ष पक्ष्यांकडे होते; आता मी त्या माणसाची रीत पाहत होतो. सूर्य आमच्या पाठीशी राहील अशा बेताने तो होडी नेई. थवा दिसला की सरळ न जाता तिरका जाई, आणि पहिली मान वर होताच थांबे. वाऱ्याची दिशा, चिखलाची खोली, कोणता पक्षी कोठे चरतो व कोठे झोपतो, हे सारे ज्ञान त्याने नेम साधण्यासाठी कमावले होते. ते ज्ञान टाकून द्यावे लागले नाही. ते तेच राहिले. होडी आता चाळीस हात आधी थांबते, एवढेच. शिक्षेच्या भयाने त्याला घरी बसविले असते, तर गावाने एक शिकारी गमावला असता आणि दलदलीला राखणदारही मिळाला नसता.

सूर्य मावळतीला टेकला तशी सुरयांची पांढरी रांग पाण्यालगत उडत गेली. कवड्या खंड्याने जागच्या जागी पंख फडफडवीत शेवटची एक बुडी मारली आणि मासा घेऊन खुंटावर जाऊन बसला. दिवसा विसावलेली बदके आता चरावयास निघाली, आणि अंधारातून त्यांच्या पंखांचा आवाज डोक्यावरून जाऊ लागला.

मंगळाजोडीस जाऊ इच्छिणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा आणि मुक्काम गावातच करावा, म्हणजे सकाळ व संध्याकाळ दोन्ही साधतात. मातकट रंगाचे कपडे, डोक्याला टोपी आणि मिळाल्यास एक दुर्बीण बरोबर असावी. वाटाड्यास होडी आणखी जवळ नेण्याचा आग्रह मुळीच करू नये. ती कोठे थांबवायची, हे त्याच्याइतके कोणासच ठाऊक नाही. मुलांना मात्र अवश्य बरोबर न्यावे, आणि त्यांना प्रश्न विचारू द्यावेत.