आरसा आणि मोगरा

मराठी घरांना राजा रविवर्मा भेटला तो लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींतून. १८९४ साली गिरगावात सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला हललेल्या त्याच्या छापखान्याची ही करामत. पण त्याच्या नावाचा डंका आधी वाजला होता तो मद्रासमध्ये, आणि तोही कुठल्या देवीमुळे नव्हे. १८७३ च्या प्रदर्शनात गव्हर्नरचं सुवर्णपदक मिळालं ते केसांत मोगरा माळणाऱ्या एका नायर स्त्रीच्या चित्राला. चित्रकार तेव्हा पंचविशीतला. त्रावणकोर दरबारी आलेला चित्रकार थिओडोर जेन्सन त्याला शिकवायला राजी नव्हता. रंगवताना बघू द्यायचा, एवढंच. त्या बघण्यातून तैलरंग हाती आलेले.

मला हे पदक फार आवडतं. राज्याभिषेक नाही, लढाई नाही. बाई वेणीफणी करतेय, झालं!

फ्रान्समध्ये रोकोको शैलीच्या काळात अशा चित्रांना बहर आला होता. पॅरिसमधला स्वीडनचा राजदूत काउंट टेसिन याच्या संग्रहात लागोपाठच्या वर्षांतली दोन चित्रं होती, दोन्ही नटण्याथटण्याची. चित्रकार बूशेच्या १७४२ च्या चित्रात खोलीभर पसारा, बाई पायमोज्याचा बंद बांधतेय आणि मांजराचं पिल्लू लोकरीच्या गुंड्याशी झोंबतंय. दुसऱ्या, शार्दँ या चित्रकाराच्या चित्रात आई लेकीचं टोपडं सारखं करतेय. सात वाजत आलेत, चर्चला निघायचंय, आणि पोरगी हळूच आरशात डोकावून घेतेय. बूशेच्या रेशमाने डोळे दिपतात खरे, पण जीव अडकतो तो त्या चोरट्या नजरेत.

ही नजर पदकाच्या त्या मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, रस्त्यावरसुद्धा सापडते. मैलापूरला कपालीश्वराच्या देवळाभोवती फुलवाल्या बसतात. मोगऱ्याची माळ त्या हातावर मोजतात; कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मुळम. (गिऱ्हाइकाने लांब हाताची बाई गाठावी, हा माझा फुकटचा सल्ला.) तिथेच कडेला आई लेकीच्या वेणीत माळ खोचत असते, दातांत पिन धरून, आणि लेक उभ्या स्कूटरच्या आरशात स्वतःला न्याहाळत असते. मालक येऊन किल्ली वाजवतो. आई म्हणते, थांबा हो जरा. तो थांबतोही. लेकीचं अजून बघून झालेलं नसतं.