लांब म्हणजे किती लांब?

‘लांब पडतं हो बाबा!’

गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी फोनवर निदान वीस वेळा तरी म्हटलं असेल. मी राहते पुण्यात, कोथरूडला. आई-बाबा बदलापूरला. रुळांच्या हिशोबानं अंतर १२४ किलोमीटर. कर्जतला गाडी बदलली की झालं. पण डेडलाइन असते, शनिवारी मित्रमैत्रिणींचा प्लॅन असतो, रविवारी मेगाब्लॉक असतो... आणि काहीच नसलं तर कंटाळा असतो. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाही मी गेले नाही. ‘राहू दे गं, अर्ध्या तासाचं तर काम,’ बाबा म्हणाले. मी पण लग्गेच मान्य केलं. काय करणार, लांब पडतं ना!

मग मे २०२५ मध्ये एकाच सुट्टीत दोन देश बघायचा चान्स मिळाला. आधी आठ दिवस नेदरलँड्सला मावसबहिणीकडे, मग दोन आठवडे अमेरिकेत, टेक्सासमध्ये चुलतभावाकडे. ट्युलिप्स तोवर संपले होते आणि काउबॉय फक्त हॅटच्या दुकानात दिसले. पण या दोन घरांत मला एक भलतीच गोष्ट बघायला मिळाली. ‘लांब’ या साध्या शब्दाचा अर्थ देश बदलला की बदलतो. आणि कसला सॉलिड बदलतो!

सहा वाजता जेवण, म्हणजे सहा वाजता

ताई राहते आइंडहोवनला. ऑफिस घरापासून सहा किलोमीटर. रोज सायकलनं जाते, पाऊस असला तरी. पहिल्याच शनिवारी मी उत्साहात म्हटलं, ‘चल ताई, ॲमस्टरडॅमला जाऊ.’

‘आज?’ ती अशी दचकली की जणू मी हिमालयात जाऊ म्हणाले. ‘अगं, लांब आहे. आधी ठरवायला हवं.’

किती लांब? साधारण सव्वाशे किलोमीटर. ट्रेननं जेमतेम दीड तास. आणि ट्रेन कशी, तर कामाच्या दिवशी दिवसभर दर दहा मिनिटांनी एक! मी हसायला लागले आणि मधेच थांबले. सव्वाशे किलोमीटर म्हणजे माझं बदलापूरच की.

ताईच्या शेजारच्या डच बाईंची बहीण ग्रोनिंगनला असते, देशाच्या पार उत्तरेला. वर्षातून दोनदा भेट. जायचं तर दोन दिवस आधी बॅग भरून, मुक्कामाच्या तयारीनं. आता हा देश तो केवढा! साधारण ४१,५०० चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्रात असे सात देश बसतील आणि वर थोडी जागा उरेल.

आधी मला हे लाडावलेपण वाटलं. मग फंडा कळायला लागला. तिथे संध्याकाळचं जेवण सहाच्या सुमाराला, सगळ्यांनी एका टेबलावर बसून. येताजाता तीन तास घालवले तर ते टेबल हुकतं. म्हणून सगळा देश ते टेबल हुकू नये अशा बेतानं रचल्यासारखा वाटतो. स्टेशनपर्यंत सायकल, सायकल ठेवायला जागा (उट्रेक्ट स्टेशनखालचा २०१९ मध्ये पूर्ण झालेला सायकल-तळ तब्बल १२,५०० सायकलींचा आहे!), पुढे ट्रेन. घर ते ऑफिस या अंतरासाठी कंपनी दर किलोमीटरमागे पैसे देऊ शकते आणि ठरावीक मर्यादेपर्यंत त्यावर कर लागत नाही. २०२४ मध्ये ही मर्यादा २३ सेंट झाली. म्हणजे तुम्ही लांबून येता हा तुमचा एकट्याचा प्रॉब्लेम नाही, तो ऑफिसच्या हिशोबातही धरला जातो.

‘इथे कुणाला सांगितलं ना, की माझे काका रोज तीन तास प्रवास करायचे,’ ताई म्हणाली, ‘तर लोक विचारतात, त्यांना दुसरी नोकरी मिळत नव्हती का?’

तिचे काका म्हणजे माझे बाबा. मला हा प्रश्न जरा झोंबलाच.

चार तास? हे काय, इथंच!

डॅलसला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी दादा म्हणाला, ‘शनिवारी ह्यूस्टनला बारसं आहे. सकाळी निघू, रात्री परत.’

‘किती लांब आहे?’

‘चार तास.’

मैल नाही, किलोमीटर नाही. टेक्ससमधे अंतर तासांतच सांगतात. मी गुपचूप मोबाइलवर बघितलं तर एका बाजूचे जवळपास ३८५ किलोमीटर. अख्खा नेदरलँड्स ग्रोनिंगनपासून मास्ट्रिख्तपर्यंत गाडीनं आडवा-उभा केला तरी साधारण ३३० होतात! म्हणजे ताईच्या देशाच्या या टोकापासून त्या टोकाच्याही पलीकडे आम्ही घुगऱ्या खायला चाललो होतो.

पण तिथला आकारच तसा आहे. इंटरस्टेट १० हा हायवे एकट्या टेक्ससमधून १,४०० किलोमीटर जातो. एल पासो हे टेक्ससचंच शहर, पण तिथून ह्यूस्टनपेक्षा कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो जवळ पडतं. ऑस्टिनच्या दक्षिणेला २०१२ मध्ये सुरू झालेल्या एका टोल रोडवर वेगमर्यादा ताशी ८५ मैल, म्हणजे १३७ किलोमीटर आहे. आणि डॅलस ते ह्यूस्टन थेट पॅसेंजर ट्रेनच नाही. गाडी, बस नाहीतर विमान. साउथवेस्ट एअरलाइन्सनं १९७१ मध्ये सुरुवात केली तीच डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या तीन शहरांमध्ये विमानं उडवून.

वाटेत थांबायचं कुठे, तर ‘बकीज’. नाव पेट्रोल पंपाचं, पण आतमध्ये अख्खा मॉल. लुलिंग नावाच्या गावात २०२४ मध्ये उघडलेल्या बकीजला १२० पंप आहेत. आपल्याकडे फूड मॉलला थांबल्याशिवाय एक्स्प्रेसवेचा प्रवास लागू पडत नाही ना, तस्संच!

मला वाटलं, दादाला ड्रायव्हिंगचं वेड असणार. पण सोमवारी पहाटे पावणेसहाला तो कॉफीचा थर्मास घेऊन निघाला, तेव्हा चित्र वेगळं दिसलं. घर डॅलसच्या उत्तरेला, ऑफिसपासून चाळीस मैलांवर. ट्रॅफिक चांगला असेल तर तास, नसेल तर दीड. अमेरिकेत नोकरदाराला ऑफिसला पोचायला सरासरी सत्तावीस मिनिटांच्या आसपास लागतात. दहातले जवळजवळ सात जण गाडीत एकटेच असतात. दादा त्या सातांतला, पण सत्तावीस मिनिटांतला नाही.

‘मग जवळ घर का नाही घेतलं?’

‘घेतलं असतं की. परवडलं असतं तर,’ दादा हसला. ‘इथे रिअल इस्टेटवाले म्हणतात, ड्राइव्ह टिल यू क्वालिफाय. बँक कर्ज द्यायला तयार होईल तिथपर्यंत गाडी हाणत राहायची. जिथे हो म्हणतील तिथे घर.’

चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ मध्ये एक मस्त निरीक्षण मांडलं होतं. याकोव्ह झहावी या वाहतूकतज्ज्ञाच्या अभ्यासावरून तो म्हणतो की माणूस पायी चालो, घोड्यावर बसो नाहीतर गाडी चालवो, दिवसाला सरासरी एक तासच प्रवासात घालवतो. म्हणून जुनी तटबंदीची शहरं साधारण पाच किलोमीटरपेक्षा रुंद नसायची. आपल्या पुण्यातल्या पेठा आठवा. ज्यांचं आयुष्य शनिवारवाडा ते स्वारगेटमध्ये गेलं, त्यांना हडपसर परगाव वाटायचं ते उगाच नाही. गाडी आली, वेग वाढला, शहरं पसरली. तास मात्र तोच राहिला.

सरासरीत तोच राहिला. दादाचे रोजचे दोन-अडीच तास आणि बाबांचे तीन, हे कुणाच्या तरी वीस मिनिटांमुळे सरासरीत झाकून जातात.

बारशाहून परत येताना रात्रीचे दहा वाजले होते. मागच्या सीटवर वहिनी आणि भाचा झोपलेले. समोर नुसता काळा रस्ता.

‘तुला खरंच चार तास काहीच वाटत नाहीत?’ मी विचारलं.

दादा थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘वाटतात ना. पाठ जाम दुखते. पण इथे जवळ आपलं कुणी नाहीच गं. चार तासांना लांब म्हटलं, तर मग कुणाकडे जाणंच होणार नाही. म्हणून जवळ म्हणायचं.’

पुढचा तासभर मी काही बोलले नाही.

बाबांचा चंद्र

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी बदलापूर गाठलं. जेवणं झाल्यावर कागद घेऊन बसले. बाबांनी १९८९ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत बदलापूर ते व्हीटी केलं (नाव कितीही बदलू दे, बाबा व्हीटीच म्हणतात). जाऊन-येऊन १३६ किलोमीटर, वर्षाचे २८० दिवस, एकतीस वर्षं. उत्तर आलं, पावणेबारा लाख किलोमीटर. चंद्र साधारण ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. म्हणजे बाबा चंद्रावर गेले, परत आले आणि पुन्हा चंद्रावर पोचले. तासांत मोजलं तर जवळजवळ तीन वर्षं अहोरात्र लोकलमध्ये.

बाबांनी चष्मा लावून हिशोब तपासला. ‘लेट गाड्या धरल्या नाहीस,’ म्हणाले.

मी विचारलं, ‘पण इतक्या लांब घर का घेतलं?’

‘लांब कुठे? आधी ठाण्यात भाव विचारला. मग डोंबिवलीत. मग अंबरनाथला. बदलापूरला खिशाला झेपलं.’

ड्राइव्ह टिल यू क्वालिफाय! फक्त दादानं एक्झिट मोजत घर शोधलं आणि बाबांनी स्टेशनं मोजत. बाबांचा ग्रुप, ठरलेला डबा, पत्ते, दसऱ्याला डब्यात होणारी पूजा, कल्याणला चढणाऱ्यांशी रोजची भांडणं... हे सगळं ते रंगवून सांगत होते. लोकलचं असं कौतुक आपण नेहमीच करतो. पण आई आतून म्हणाली, ‘गॅदरिंगच्या एका तरी फोटोत आहेत का बघ हे.’ अल्बम काढला. नव्हते. माझ्या शाळेच्या दहा वर्षांत एकाही फोटोत नव्हते. सहा वाजता टेबलावर बसणारी ती डच माणसं मला आता लाडावलेली वाटेनात. त्यांनी नुसतं ठरवलंय की हे फोटो रिकामे ठेवायचे नाहीत.

आणि मी? मला ना सव्वाशे किलोमीटर रोज करायचेत, ना कुठल्या बँकेनं मला बदलापूरपासून लांब ढकललंय. मी आपली कोथरूडमध्ये बसून ‘लांब पडतं’ म्हणत होते. ताईच्या भाषेत तो शब्द घराची वेळ सांभाळायला वापरतात. दादा तो शब्द माणसं सुटू नयेत म्हणून तोंडातून काढतच नाही. माझ्या तोंडात तो नुसताच बहाणा होता.

रविवारी संध्याकाळी बाबा स्टेशनवर सोडायला आले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं इंडिकेटर लांबूनच वाचून दाखवला, मुद्दाम. ‘पोचलीस की फोन कर.’

कोथरूडला पोचल्यावर फोन केला. ‘किती वेळ लागला?’

‘घरापासून घरापर्यंत साडेतीन तास.’

‘मग जवळच आहे की,’ बाबा म्हणाले.

पुढच्या महिन्यातल्या दोन शनिवारांची तिकिटं काढून ठेवलीयेत.