काकडीचा घोडा, वांग्याचा बैल

दिवाळीच्या तोंडावर बेळगावच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट पाहत ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना गर्दी म्हणजे काय हे जपानने शिकवायला नको. खिडकीतून टाकलेला रुमाल, त्या रुमालावरून जुंपलेलं भांडण आणि तासाभराने त्याच दोघांनी वाटून खाल्लेल्या शेंगा, हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं. तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये टोकियोच्या स्टेशनात शिरलो तेव्हा ही माझी बाही ओढत म्हणाली, "अहो, एवढी माणसं आणि भांडण कसं ऐकू येत नाही?"

वर्षातून तीनदा तो देश जागचा हलतो. एकदा नव्या वर्षाच्या आगेमागे. दुसऱ्यांदा एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा चार सरकारी सुट्या जवळजवळ येतात आणि त्याला ते 'गोल्डन वीक' म्हणतात. तिसऱ्यांदा ऑगस्टच्या मध्यावर, ओबोनला. ओबोन म्हणजे आपला पितृपंधरवडाच म्हणा, पण उदास नाही. पितर चार दिवस घरी येतात, म्हणून शहरात पांगलेली मुलंबाळंही गावी जातात. आमचा धाकटा टोकियोत निशी-कासाईला राहतो. त्याच्या कंपनीला सुटी ओबोनचीच, तेव्हा आम्हीही त्याच गर्दीत जाणार हे ठरलेलं होतं.

जायचं दोन ठिकाणी होतं. उत्तरेला सेंदाई, कारण नोकरीआधी दोन वर्षं तो तिथे शिकत होता. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहिला आणि त्या बाईंनी त्याला तापात पेज करून घातली. त्यांना भेटून पाया पडायचं असं हिने सहा वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. आणि पश्चिमेला हिरोशिमा. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दर वर्षी तो धडा आला की फळ्यावर तारीख लिहायचो, ६ ऑगस्ट १९४५, आणि मुलं विचारायची, "सर, आता तिथं काय आहे?"

आता पासाविषयी. पर्यटकांसाठी जपानी रेल्वेचा जो पास मिळतो तो सात, चौदा किंवा एकवीस दिवसांचा असतो आणि दिवस सलग मोजले जातात. ऑक्टोबर २०२३ पर्यंत सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला होता, तो एका फटक्यात ५०,००० येन झाला. तेव्हाच्या दराने माणशी अठ्ठावीस-एकोणतीस हजार रुपये. पूर्वी टोकियो-क्योतो जाऊन-येऊन पास जवळजवळ वसूल व्हायचा. आता टोकियोहून हिरोशिमाला जाऊन परत आलं तरी होत नाही. तो प्रवास सुट्या तिकिटांनी साधारण अडतीस हजार येनमध्ये बसतो. आम्हांला सेंदाईचे बावीस-तेवीस हजार मिळवावे लागले, तेव्हा कुठे पास घेण्यात अर्थ उरला. ज्यांची मुलं तिकडे आहेत आणि जे उन्हाळ्यात जायचं म्हणताहेत, त्यांनी ही बेरीज आधी कागदावर करावी. पास म्हटलं की स्वस्त, हे दिवस गेले.

गंमत म्हणजे तो पास मुलाला मिळत नाही. पासपोर्टवर तात्पुरत्या पाहुण्याचा शिक्का असेल त्यालाच तो मिळतो, नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्याला नाही. म्हणजे त्या घरात आम्ही पाहुणे आणि तो घरचा, असं खुद्द रेल्वेनेच ठरवून दिलं होतं. हिला ते फारसं आवडलं नाही.

दुसरी गोष्ट अशी की पास म्हणजे गाडीत चढायचा हक्क, बसायचा नव्हे. जागेचं आरक्षण पासावर फुकट होतं, पण ते करावं लागतं आणि ते बरोबर एक महिना आधी सकाळी दहाला उघडतं. आपल्याकडे सकाळी दहाला तत्काळसाठी बसतात, तसाच मुलगा १० जुलैला बसला. नोझोमी ही सगळ्यांत वेगवान गाडी पासावर पूर्वी चालायचीच नाही. आता चालते, पण वर वेगळे पैसे भरून. शिवाय डिसेंबर २०२३ पासून या तिन्ही सुट्यांत नोझोमीचे सगळे डबे आरक्षित असतात. तेव्हा आमच्यासारख्यांच्या वाट्याला हिकारी आणि कोदामा. या नावांचे अर्थ मुलाने सांगितले. नोझोमी म्हणजे आशा, हिकारी म्हणजे प्रकाश, कोदामा म्हणजे प्रतिध्वनी. बिनआरक्षित जागेला ते 'जियुसेकी' म्हणतात. शब्दशः स्वातंत्र्याची जागा. त्यात उभं राहावं लागतं, हे स्वातंत्र्य आपल्याला नवं नाही. ती तीन अक्षरं मी चित्रासारखी पाठ केली. कानडी आणि बाळबोध पाट्या शेजारी शेजारी वाचत वाढलेल्या माणसाला आणखी एक लिपी आकारावरून ओळखायला जड जात नाही.

१० ऑगस्टला सेंदाईला गेलो. त्या गाडीत उभं राहायला परवानगी नसल्यासारखीच शिस्त, प्रत्येकाच्या हातात भेटवस्तूंची पिशवी. आजी ऐंशीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या. हिने वाकून नमस्कार केला, त्याही वाकल्या, आणि दोघी बराच वेळ तशाच; आधी उठायचं कुणी ते ठरेना. मग त्यांनी स्वयंपाकघरातून एक काकडी आणि एक वांगं आणलं, काड्यांचे तुकडे खोचून दोन्हींना चार-चार पाय केले आणि आमच्यासमोर ठेवले. काकडीचा घोडा, वांग्याचा बैल. पितरांनी येताना घोड्यावर बसून लवकर यावं आणि जाताना बैलावर बसून सावकाश जावं, म्हणून. हिने बैल हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "आमच्याकडं बेंदराला मातीचे करतात." मुलाने ते सांगितल्यावर आजी लहान मुलीसारख्या हसल्या.

मग त्यांनी त्याला काहीतरी विचारलं. तो थोडं बोलला, थांबला. आम्हांला म्हणाला, "विचारताहेत, प्रवास कसा झाला." आजींचा चेहरा प्रवास विचारल्याचा नव्हता. आणि दुभाष्याचं काम मी लहानपणापासून केलेलं आहे. माझ्या आईला कानडी येत नव्हतं, कचेरीतल्या कारकुनाला मराठी समजत असून तो बोलत नसे, आणि मधे मी दहा वर्षांचा. काय पोचवायचं आणि काय गाळायचं हे दोन भाषांच्या घरातल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. मी त्याला काही विचारलं नाही. रात्री ही मात्र म्हणाली, "त्यांनी त्याला विचारलं, तू घरी कधी जातोस. मला कळलं." जपानीचा एक शब्द येत नाही हिला.

सहा दिवाळ्या तो आलेला नव्हता. दिवाळीला तिकडे सुटी नसते, हे खरंच आहे.

१२ तारखेला आम्ही दोघंच हिरोशिमाला निघालो. सुनेच्या माहेरची मंडळी येणार होती, म्हणून तो थांबला. ८ ऑगस्टला दक्षिणेकडे ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि आणखी मोठा येऊ शकतो असा इशारा निघाला होता. तसा इशारा त्या देशात प्रथमच दिला गेला. म्हणून वाटेत काही टप्प्यात ताशी २८५ किलोमीटरची गाडी २३० ने चालवत होते. दहा मिनिटं उशीर झाला आणि त्या दहा मिनिटांची माफी इतक्यांदा मागितली की शेवटी हीच म्हणाली, "असू दे हो." जागा आरक्षित होत्या, पाय लांब करून गेलो.

हिरोशिमाविषयी इथे लिहीत नाही, तो वेगळाच विषय आहे. घुमटाचा सांगाडा नदीकाठी उभा आहे, ट्राम चालू आहेत, शाळेची मुलं कागदी बगळ्यांच्या माळा आणून टांगतात. "सर, आता तिथं काय आहे?" याचं उत्तर द्यायला आता समोर वर्ग नाही, एवढंच.

परतीच्या जागा १६ ऑगस्टच्या होत्या, पासाचा शेवटचा दिवस. १४ च्या रात्री मुलाचा फोन आला, "बाबा, वादळ येतंय. सोळाला गाड्या बंद ठेवण्याची शक्यता आहे." पुढे तसंच झालं. १६ ला टोकियो ते नागोया एकही शिंकान्सेन धावली नाही आणि ते त्यांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं. वादळ यायच्या आधीच गाडी बंद करून लोकांना सांगायचं, हा प्रकार मला फार आवडला. आपल्याकडे फलाटावर पोचल्यावर कळतं. पण पासाला वादळ ठाऊक नसतं. गाडी बंद पडली म्हणून त्याचा दिवस वाढत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. १७ ला निघायचं तर दोघांची नवी तिकिटं आणि १८ ला तर परतीचं विमान. तेव्हा १५ लाच निघायचं, आणि अख्ख्या देशानेही तेच ठरवलेलं.

खिडकीवरच्या मुलीने आमचे पास पाहिले, यंत्रावर बोटं चालवली आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. जागा नाही. मग जियुसेकी. हिरोशिमाहून ओसाकाकडे जाणाऱ्या गाडीत आम्ही दोन डब्यांमधल्या जागेत उभे. हिचा गुडघा दुखरा, म्हणून बॅग आडवी करून हिला तीवर बसवलं. आजूबाजूला दहा-पंधरा माणसं, एक तान्हं बाळ, आणि तरी चाकांचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. ओकायामाला हिला जागा मिळाली.

शिन-ओसाकाच्या फलाटावर हिकारीसाठी रांग जिन्यापर्यंत गेलेली. तिथे मी ठरवलं की हिकारी नको. पलीकडून सुटणारी कोदामा घ्यायची. ती तिथूनच सुटते, सतराच्या सतरा स्टेशनं घेते आणि टोकियोला जायला जवळजवळ चार तास लावते. घाईच्या दिवशी तिच्याकडे फारसं कुणी वळत नाही. आम्हांला शेजारी शेजारी दोन जागा मिळाल्या, खिडकीसुद्धा.

पास हातात असलेल्याने सुटीच्या दिवसांत हे लक्षात ठेवावं: जिथून गाडी सुटते तिथे चढावं आणि तास-दीड तास सोडून द्यावा. खाण्याचं मात्र आधी घ्यावं, कारण या मार्गावरच्या गाड्यांतली ढकलगाडी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली. आमच्याकडे भाताचे दोन गोळे होते, आत आंबट आलुबुखारासारखं फळ, आणि बेळगावहून आणलेली शेंगाचटणी. दर स्टेशनात कोदामा चार-पाच मिनिटं थांबे, शेजारून नोझोमी सुसाट जाई, आमची खिडकी थरथरे. फुजी ढगात होता. ही म्हणाली, "बरी आहे गाडी. वांग्याची."

१६ तारखेला दिवसभर पाऊस झोडपत होता. स्टेशनं ओस, दुकानं लवकर बंद. दोघांचे पास टीव्हीखाली पडलेले, मुदत रात्री बारापर्यंत. मुलाला कुठेच जायचं नव्हतं. दुपारी त्याने हिच्याकडून पिठल्याची कृती लिहून घेतली, मग बराच वेळ फोनमध्ये डोकं घालून बसला. सुनेने विचारलं तेव्हा म्हणाला, बंगळूरपर्यंत विमान आहे, पण पुढे २९ ऑक्टोबरच्या राणी चन्नम्माला आत्ताच वेटिंग दाखवतंय.

"रात्रीच्या बशी आहेत की," ही आतून म्हणाली. "शेवटची सीट मिळते नेहमी."