ठरलं की ठरायचंय?

इंग्रजी पत्रव्यवहाराचा पोर्तुगीज अनुवाद करताना तारखेचं वाक्य आलं, की मी आधी ती तारीख किती पक्की आहे ते बघते. इंग्रजीत बैठक ‘फिक्स’ होते किंवा नुसती ‘पेन्सिल इन’ होते, म्हणजे डायरीत खोडता येईल अशी लिहिलेली. ही पेन्सिल पोर्तुगीजमध्ये तशीच नेली तर वाचणाऱ्याला काही बोध होत नाही. तिथे तारीख ‘मार्कार’ करतात, म्हणजे ठरवतात. कच्ची असेल तर पुढे ‘आ कोंफिर्मार’ जोडतात: नक्की व्हायची आहे. विमानाचं तिकीट आज काढायचं की थांबायचं, हे समोरचा माणूस त्या जोडीवरून ठरवतो. ब्राझीलमध्ये निरोप घेताना ‘वामुस मार्कार’, ‘ठरवू या’, असं सहज म्हणतात. आपल्या ‘या एकदा घरी’सारखंच ते, त्यातून कुठलीही तारीख निघत नाही. मूळ पत्रात खरोखरच दिवस मागितला असेल, तर मी थेट विचारते: कोणता वार सोयीचा?

बैठक ‘मूव्ह फॉरवर्ड’ झाली, तर ती अलीकडे आली की पुढे गेली? बुधवारची बैठक दोन दिवसांनी अशी सरकवली, तर काही इंग्रजी भाषकांना सोमवार वाटतो, काहींना शुक्रवार. पोर्तुगीजमध्ये मात्र अलीकडे घेणं म्हणजे ‘आंतेसिपार’, लांबवणं म्हणजे ‘आदियार’. दोन्हींत घोळ होत नाही, म्हणून निवड करण्याची जबाबदारी अनुवादकावर येते.

उलट, इंग्रजीचे ‘बाय’ आणि ‘अन्टिल’ पोर्तुगीजमध्ये एका ‘अते’त मावतात. ‘शुक्रवारपर्यंत पाठवा’ ठीक आहे. पण ‘शुक्रवारपर्यंत कचेरी बंद’ म्हटलं, तर शुक्रवारी जायचं की नाही? तिथे मी वाक्यच फिरवते आणि कचेरी कोणत्या दिवशी उघडेल ते लिहिते.

मोजणीत मात्र पोर्तुगीज मला मराठीच्या जवळची वाटते. रविवार पहिला धरून सोमवार ‘सेगुंदा’, दुसरा, आणि शुक्रवार ‘सेश्ता’, सहावा. आठवड्याला आपण ‘आठ दिवस’ म्हणतो, दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’. तेही तसंच म्हणतात. इंग्रजीतला ‘फोर्टनाइट’ गप्पांत खुशाल पंधरा दिवसांचा होऊ शकतो. करारात चौदा दिवसांची मुदत असेल, तर तिथे चौदाच राहिले पाहिजेत. एका दिवसानं दंड लागू शकतो, हक्कही जाऊ शकतो.

आकडेही फसवतात. ०३/०४ म्हणजे अमेरिकेत ४ मार्च, लिस्बनला आणि साओ पावलोत ३ एप्रिल. म्हणून महिना मी नेहमी अक्षरात लिहिते. ‘नेक्स्ट फ्रायडे’ आला की वारासोबत तारीख घालते, कारण तो येता शुक्रवार की त्यानंतरचा, यावर इंग्रजी भाषकांचंही एकमत नसतं.

आणि पत्रातून उलगडाच होत नसेल, तर अंदाजानं वाक्य पुरं करत नाही. पत्र लिहिणाऱ्याला विचारते, उत्तर येईपर्यंत मजकूर अडवून ठेवते. या विचारण्याला वेळ लागतो, कधी समोरचा वैतागतो. तरी मी तो अनुवादाचाच भाग मानते. तारखेच्या भरवशावर दोन देशांतली माणसं रजा मागणार, पैसे गुंतवणार, प्रवासाला निघणार असतात.