हळू धावणाऱ्यांची बाजू

धावणे म्हणजे शर्यत आणि शर्यत म्हणजे शंभर मीटर, ही समजूत शाळेच्या मैदानावर आपल्या डोक्यात बसते आणि मग सहसा हलत नाही. त्याआधी पाच वर्षांचे पोर दिवसभर पळत असते आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. पुढे वार्षिक क्रीडास्पर्धा येतात, शिट्टी वाजते, चुन्याच्या रेघेपलीकडे पहिले तिघे पोहोचतात आणि बाकीच्यांचे धावणे तिथेच संपते. वर्गातल्या जाड्या मुलाचे तर त्याच्याही आधी संपलेले असते. रस्सीखेचीत त्याला दोराच्या टोकाला उभे करतात आणि पळायला लावतात ते गृहपाठ विसरल्याची शिक्षा म्हणून. विशीत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्यावर दिसतात, पण त्यांचे १६०० मीटरही घड्याळाला बांधलेले. भरती झाली किंवा हुकली की तीही थांबतात. नंतरची वीस वर्षे मध्यमवर्गीय माणूस पळतो तो लोकलसाठी, सुटत्या एसटीसाठी आणि घरातले पोर जिन्याकडे निघाले की त्याच्यामागे. मग चाळिशीत रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट हातात पडतो, ऑफिसातले कोणीतरी मुंबई मॅरेथॉनचे मेडल दाखवते आणि नव्वद किलोचा माणूस हाफ मॅरेथॉनला नाव घालून दुसऱ्या दिवशी पहाटे बूट बांधतो. धावण्याची त्याच्या अंगातली शेवटची आठवण शंभर मीटरची असते. त्याच बेताने तो सुटतो, समोरच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन धापा टाकत थांबतो आणि हे आपले काम नव्हे असे ठरवून टाकतो. माझ्या मते त्याचा हा निकाल चुकीच्या पुराव्यावर बेतलेला आहे. त्याने जे करून पाहिले ते हाफ मॅरेथॉनला लागणारे धावणे नव्हतेच. जड माणसाच्या आणि २१ किलोमीटरच्या मध्ये त्याचे वजन उभे असते हे खरे, पण वजनाच्याही पुढे उभी असते ती त्याची वेगाची कल्पना.

ही कल्पना बदलता येते याचा पुरावा साठ वर्षांपूर्वीचा आहे. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाचे पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग हे शिष्य १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके घेऊन आले. त्यांच्या तयारीचा पाया होता भरपूर, लांब पल्ल्याचे, दमछाक न करणारे धावणे. लिडियार्डने पुढे हीच पद्धत ऑकलंडमधल्या पोट सुटलेल्या, हृदयाची दुखणी असलेल्या सामान्य माणसांना लावली. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतला नामवंत प्रशिक्षक बिल बोवरमन लिडियार्डला भेटायला गेला आणि या माणसांच्या एका गटाबरोबर रविवारी धावायला निघाला. वयाने पन्नाशीच्या आसपासचा बोवरमन थोड्याच वेळात मागे पडला. त्याला सोबत करायला जे गृहस्थ थांबले ते सत्तरी ओलांडलेले होते आणि त्यांना हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले होते. मायदेशी परतल्यावर बोवरमनने एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर ‘जॉगिंग’ नावाचे पुस्तक लिहिले आणि सावकाश धावण्याचे लोण अमेरिकेत पसरले. पुढे नायकी ही बुटांची कंपनी उभारणाऱ्या दोघांपैकी एक हाच. त्या बुटांच्या जाहिरातींत मात्र सहसा सावकाश धावणारा दिसत नाही, हा भाग वेगळा.

आता प्रश्न असा की जड नवशिक्याने सावकाश का जायचे. दमतो म्हणून, असे सोपे उत्तर सगळे देतात. माझ्या मते ते अपुरे आहे, कारण खरा धोका दम लागतो त्या दिवसांत नसतो; दम लागायचा थांबतो त्या दिवसांत असतो. नियमित धावू लागले की काही आठवड्यांतच हृदय एका ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंना प्राणवायू वापरण्याची सवय होते, आणि जी चढण चढताना जीव जात होता ती बोलत बोलत पार होते. माणूस हुरळतो. पण हाडे, स्नायूबंध आणि घोट्यामागची जाड शीर या गतीने चालत नाहीत. त्यांना महिने लागतात. हाडाचे तर आणखी विचित्र आहे. नवा भार पडला की शरीर आधी जुने हाड पोखरते आणि मग तिथे नवे भरते, म्हणजे मधले काही आठवडे ते पूर्वीपेक्षा कच्चे असते. नेमक्या त्याच आठवड्यांत छाती म्हणत असते, अजून दोन किलोमीटर जाऊ या. सावकाश धावतानाही दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार जमिनीकडून परत येतो, आणि एका किलोमीटरला हजारावर पावले पडतात. साठ किलोच्या माणसाला ही घाई पचून जाते. नव्वद किलोच्या माणसाच्या नडगीत कळ उठते, टाच सकाळी जमिनीवर टेकवत नाही, आणि मग घरातले सगळे म्हणतात, तरी सांगत होतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी नवशिक्या धावकांचा मागोवा घेऊन काढलेला निष्कर्ष इथे उपयोगी आहे: ज्यांचा बीएमआय ३० च्या वर आहे त्यांनी पहिल्या आठवड्यात तीन किलोमीटरच्या आतच राहावे. एका दिवसात नव्हे, अख्ख्या आठवड्यात. हाफ मॅरेथॉनची फी भरून बसलेल्या माणसाला हा आकडा अपमानासारखा वाटतो. त्यावर तो ‘दर आठवड्याला दहा टक्के वाढ’ हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम पुढे करतो. पण नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला नवशिक्यांवर हा नियम तपासला गेला तेव्हा तो पाळणाऱ्या गटात आणि साधा आठ आठवड्यांचा कार्यक्रम करणाऱ्या गटात दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच, पाचात एक, निघाले. म्हणजे टक्केवारीत तारण नाही. सुरुवात कुठून केली, मध्ये विश्रांतीचे दिवस किती ठेवले आणि पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल इतक्याच वेगाने गेलो की नाही, हे मला त्या दहा टक्क्यांपेक्षा मोलाचे वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: एवढे हळू जायचे, मध्ये मध्ये चालायचे, तर त्याला धावणे का म्हणायचे? जेफ गॅलोवे हा १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला माणूस. १९७४ मध्ये नवशिक्यांचा वर्ग घेताना त्याने थोडे धावणे, थोडे चालणे ही पद्धत बसवली आणि पुढे आयुष्यभर तीच शिकवली. तिच्यातला बारकावा असा की चालायचे ते दमल्यावर नाही, दमण्याआधी. पहिल्या किलोमीटरपासून ठरवून. दोन मिनिटे धाव, एक मिनिट चाल, पुन्हा धाव. पावलांवरचा भार तुटक तुटक होतो आणि शेवटचे पाच किलोमीटर फरपटत काढावे लागत नाहीत. हिशेबही करून पाहावा. किलोमीटरला सरासरी नऊ मिनिटे लागली तरी २१.०९७५ किलोमीटर तीन तास दहा मिनिटांत संपतात. लोक बघतात, हसतात, ही भीती मात्र मी हलकी मानत नाही. घट्ट टी-शर्टमधल्या जाड माणसाकडे, आणि त्याहून जास्त जाड बाईकडे, आपला रस्ता सरळ नजरेने पाहत नाही. अनेकजण पहाटे पाचलाच उरकतात ते केवळ उकाड्यामुळे नव्हे. त्याला माझ्याकडे युक्तिवाद नाही. गटाने धावावे एवढेच सुचते. आणि मांड्यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोपडून निघावे, कारण मांड्या घासून कातडी सोलवटली की आठवडाभराचा सराव बुडतो. हे सडपातळ प्रशिक्षकांच्या सहसा ध्यानातच येत नाही.

दुसरा आक्षेप गुडघ्यांचा. आधी वजन उतरव, मग धाव, नाहीतर गुडघे जातील, असे सांगणारे शेजारी आणि अधूनमधून डॉक्टरही भेटतात. त्यात तथ्य आहे. गुडघ्याच्या संधिवाताच्या स्थूल रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात वजन एक किलो उतरले की चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला चार किलोंनी घटतो असे आढळले. ज्याचा गुडघा आधीच दुखतो किंवा सुजतो त्याने तपासून घ्यावे आणि पहिले काही महिने चालावे. जोरात चालणे हीदेखील तयारीच आहे. पण धावण्यानेच गुडघे झिजतात या समजुतीला पुरावा साथ देत नाही. कॅलिफोर्नियातल्या पॉल विल्यम्स यांनी सुमारे पाऊण लाख धावणाऱ्यांची माहिती तपासली, तर अधिक अंतर धावणाऱ्यांत संधिवात आणि खुब्याच्या शस्त्रक्रिया उलट कमी निघाल्या. त्यांचे वजन आटोक्यात राहते हे त्यामागचे एक कारण. आधी बारीक हो या सल्ल्यात आणखी एक अडचण आहे. बहुतेकांच्या बाबतीत तो ‘कधीच नको’ याचेच सभ्य रूप ठरतो. गुडघ्याची काळजी असेल तर ती स्पर्धा निवडताना घ्यावी. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचे नाव मोठे आहे, यवतेश्वरचा घाट पावसाळ्यात देखणाही असतो; पण तो चढून परत उतरायचा असतो, आणि गुडघ्यांना चढापेक्षा उतार महाग पडतो. जड माणसाने पहिल्या खेपेला सपाट रस्ता घ्यावा.

तिसरा आक्षेप हृदयाचा, आणि तो गंभीर आहे. जिम फिक्स हा अमेरिकी लेखक १९६७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी धावू लागला तेव्हा त्याचे वजन शंभर किलोंच्या घरात होते आणि दिवसाला दोन पाकिटे सिगारेटी तो ओढत असे. दहा वर्षांत सिगारेट सुटली, वजन पंचवीस-सत्तावीस किलोंनी उतरले आणि १९७७ मधले त्याचे धावण्यावरचे पुस्तक तुफान खपले. १९८४ मध्ये, ५२ व्या वर्षी, तो धावतानाच कोसळून मेला. धावण्याला नाक मुरडणाऱ्यांना तेव्हापासून हे उदाहरण पुरते आहे. पण शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या धमन्या मोठ्या प्रमाणात तुंबलेल्या आढळल्या, त्याच्या वडिलांना पस्तिशीतच झटका आला होता आणि ते ४३ व्या वर्षी गेले होते. यातून निघतो तो तपासणीचा मुद्दा. घराण्यात लवकर झटके आलेले असतील, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, छातीत दाटते असे कधी वाटले असेल, तर फी भरण्याआधी डॉक्टरकडे जावे. एरवी भीतीचे माप आकड्यांत घ्यावे. २००० ते २०१० या काळात अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनमध्ये धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख लोकांत ५९ जणांचे हृदय बंद पडले, आणि हाफमध्ये हे प्रमाण पूर्ण मॅरेथॉनच्या जेमतेम पाव होते. शिवाय आपल्याकडे बारीक दिसणे हे आरोग्याचे प्रमाणपत्र नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय एकच, २२.३, पण ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली छापलेल्या त्यांच्या प्रसिद्ध टिपणात युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. तेव्हा जाड माणसाला तपासणीचा सल्ला देणाऱ्या सडसडीत मित्राने स्वतःचाही नंबर लावायला हरकत नाही.

शेवटचा आक्षेप धावणारा स्वतःच घेतो, साधारण तिसऱ्या महिन्यात, वजनकाट्यावर उभा राहून. काटा हललेला नसतो. याचे गणित कठोर आहे. एक किलोमीटर धावायला दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी लागते. म्हणजे नव्वद किलोच्या माणसाची अख्खी हाफ मॅरेथॉन एकोणीसशेच्या आसपास. एक किलो चरबीत सुमारे ७७०० असतात. आयुष्यातला मोठा पराक्रम करून पाव किलो, आणि रविवारच्या लाँग रननंतर मिसळीची जादा प्लेट घेतली तर तेही नाही. वजन मुख्यतः ताटात उतरते, रस्त्यावर फार थोडे. मग खटाटोप कशाला? १९८४ पासून स्टॅनफर्डला पन्नाशीपुढच्या धावणाऱ्यांची आणि न धावणाऱ्यांची तुलना सुरू झाली. एकोणीस वर्षांनी न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के वारले होते, धावणाऱ्यांपैकी १५ टक्के. उठणे, बसणे, जिना चढणे यांतले परावलंबनही धावणाऱ्यांना बरेच उशिरा गाठत होते. धावणारे मुळातच निरोगी असतात म्हणून हा फरक दिसतो, असे कोणी म्हणेल. अंशतः ते खरे असेल; संशोधकांनी वय, वजन आणि सिगारेटचा हिशेब वजा केल्यानंतरही त्या कारणाचा काही अंश उरतोच. पण फरक इतका मोठा आहे की सगळाच त्या खात्यावर टाकणे मला पटत नाही. काटा न हलताही रक्तदाब, साखर आणि झोप सुधारू शकतात, आणि ते काट्यावर दिसत नाही.

पाच किलोमीटरवर भागत असताना एकवीसच का, याचे माझे उत्तर एवढेच की पाच किलोमीटर महिनाभराच्या उत्साहावर कसेबसे रेटता येतात. एकवीस म्हणजे रात्रभर जागून देता येणारी परीक्षा नव्हे. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारच्या मुंबई मॅरेथॉनसाठी जड नवशिक्याला आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच चालायला सुरुवात करावी लागते, पावसात ओले मोजे सोसावे लागतात, ऑक्टोबरच्या उकाड्यात वेग आणखी कमी करावा लागतो, दिवाळीच्या फराळातून जावे लागते. इतके महिने टिकले की गोष्ट अंगवळणी पडते. स्पर्धेची तारीख हे त्यासाठीचे निमित्त.

आयोजकांनीही यातला आपला वाटा उचलायला हवा. फी सगळ्यांकडून सारखीच घेतली जाते, पण तीन तासांच्या सुमाराला मागून येणाऱ्यांच्या वाट्याला अनेक ठिकाणी रिकामे पाण्याचे टेबल, संपलेली केळी आणि लगबगीने उचलले जाणारे बॅरिकेड येतात. उन्हात सगळ्यात जास्त वेळ हेच लोक असतात, घाम त्यांचाच जास्त गेलेला असतो, आणि मेडलचे माप नाही तरी टी-शर्टचे माप त्यांना पुरेसे हवे असते. पाण्याची शेवटची पेटी आणि डबल एक्सएलचा गठ्ठा वेळमर्यादेच्या शेवटच्या मिनिटापर्यंत राखून ठेवायला फार पैसे लागत नाहीत. नाव नोंदवतानाच किती जण मागे असणार हे आयोजकांना कळलेले असते.