पाळण्यातले पाय

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. एखादा मनुष्य नावारूपाला आला, की लोक त्याचे बालपण आठवू लागतात आणि त्यात त्याच्या मोठेपणाच्या खुणा शोधू लागतात. खुणा सापडतातही, कारण शोधणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. परंतु उत्तर ठाऊक नसताना, समोर नुसता पाळणा असताना ते पाय ओळखण्याचे काम ज्याच्यावर येऊन पडते, त्याची अवस्था मोठी बिकट होते.

पाचोऱ्याच्या एका शाळेतील क्रीडाशिक्षकांवर हे काम दरवर्षी येते. निवडचाचणीच्या दिवशी ते उजाडण्यापूर्वीच मैदानावर पोहोचतात. फक्कीने रेघा आखतात, टेप ताणून अंतरे मोजतात, घड्याळाची कळ दोनदा दाबून पाहतात. हळूहळू मुले जमू लागतात. कोणी गावातली, तर कोणी आसपासच्या खेड्यांतून पहिल्या एसटीने आलेली. काहींच्या पायांत बूट असतात, काहींचे पाय अनवाणी. कुंपणाशी पालक उभे राहतात. त्यांतला एखादा शेतकरी कपाशीचे काम टाकून आलेला असतो. तो जरा संकोचत पुढे येतो आणि हळूच विचारतो, "सर, पोराचं जमेल ना?"

प्रश्न साधा असतो; पण त्याचे उत्तर देताना शिक्षकांची जीभ अडखळते.

महाराष्ट्र शासनाने १९९६ साली क्रीडा प्रबोधिनी सुरू केली. गुणी मुले लहानपणीच हेरावीत, त्यांच्या राहण्याची, शिक्षणाची आणि प्रशिक्षणाची सोय एकत्र करावी, हा तिचा हेतू. तिच्या प्रवेशासाठी मुलांची शारीरिक क्षमता मोजली जाते. उंची आणि वजन पाहतात; ३० मीटर आणि ८०० मीटर धावण्याची वेळ टिपतात; उभ्या जागेवरून मुलगा किती लांब उडी मारतो, जड चेंडू किती दूर फेकतो, कमरेत किती वाकतो, हे सारे आकड्यांत लिहितात. आकडा पक्षपात करत नाही. तो मुलाचे आडनाव विचारत नाही, की बापाची जमीन किती हेही पाहत नाही. ज्या खेड्यातील मुलाची ओळखदेख कोठेच नसते, त्याला आकड्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा कोण मिळणार?

तरीही त्या आकड्यांना एक मर्यादा आहे. मुलगा आज काय आहे एवढेच ते सांगतात. तो उद्या काय होईल हे मात्र पाहणाऱ्याला ठरवावे लागते.

पाचोऱ्याच्या बाजारात कापूस येतो तेव्हा जाणता व्यापारी मूठभर कापूस हाती घेतो. चिमटीत धरून तंतू ओढतो, त्याची लांबी पाहतो, ओलावा अजमावतो आणि क्षणात भाव सांगतो. त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. कारण कापूस वाढून, फुटून, वेचून त्याच्यापुढे आलेला असतो. पण पावसाळ्याच्या आरंभी दोन पानांवर असलेल्या रोपाकडे पाहून दिवाळीनंतरच्या वेचणीचा भाव सांगण्याचे धाडस तो करणार नाही. मधल्या काळात पाऊस आहे, कीड आहे, धन्याची निगा आहे. क्रीडाशिक्षकांना मात्र दोन पानांवरच्या रोपाचाच भाव सांगावा लागतो.

या कामात डोळ्यांना पहिला चकवा देते ते शरीर. एकाच वयोगटात दोन मुले धावतात. एकाचा जन्म जानेवारीतला, दुसऱ्याचा त्याच वर्षाच्या डिसेंबरातला. कागदावर दोघांचे वर्ष एक. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलांत अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे त्यांच्या आयुष्याचा जवळजवळ बारावा हिस्सा. थोरला उंच दिसतो, पुढे जातो, आणि पाहणारा म्हणतो, 'याच्या अंगात गुण आहे.' वस्तुतः कित्येकदा त्याच्या अंगात केवळ काही महिने अधिक असतात.

हा चकवा पाचोऱ्यापुरताच आहे असे नाही. दूर कॅनडा देशात बर्फावर हॉकी खेळतात. पायांत धारदार पट्ट्यांचे बूट घालून मुले गोठलेल्या पृष्ठभागावर वेगाने घसरत जातात आणि काठीने एक चपटी चकती गोलात मारतात. त्या देशात या खेळाचे वेड इतके, की अगदी लहान वयातच मुलांची निवड सुरू होते. तेथे वयोगट १ जानेवारीपासून मोजीत असत. १९८५ साली रॉजर बार्न्स्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या दर्जाच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. तेव्हा असे दिसले, की वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या फार मोठी आणि शेवटच्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची फार थोडी आहे. जानेवारीतील मुले जन्मतःच अधिक कुशल होती असे नव्हे. ती थोडी मोठी होती म्हणून निवडली गेली. निवडली गेली म्हणून त्यांना चांगले गुरू आणि अधिक सराव मिळाला. आणि सराव मिळाला म्हणून ती खरोखरच पुढे गेली. प्रथम केलेला अंदाज अशा रीतीने स्वतःच स्वतःला खरा करून दाखवतो, आणि पारख करणाऱ्याला आपली चूक कधी कळतच नाही.

याच खेळात व्यावसायिक संघ दरवर्षी अठरा वर्षांच्या आगेमागे असलेल्या तरुणांतून पाळीपाळीने एकेकाची निवड करतात. त्यासाठी गावोगाव हिंडणारे अनुभवी पारखी त्यांनी नेमलेले असतात. १९९३ साली या पारख्यांनी अलेक्झांडर डेग या तरुणाला पहिल्या क्रमांकावर निवडले. परंतु त्याच्याकडून बांधलेल्या अपेक्षा पुढे पुऱ्या झाल्या नाहीत. २००० साली स्वीडनचा गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट याची पाळी आली ती २०५ व्या क्रमांकाला. तो पुढे आपल्या काळातील श्रेष्ठ गोलरक्षकांत गणला गेला आणि २०२३ साली त्या खेळातील सर्वोच्च सन्मानितांच्या मालिकेत जाऊन बसला. त्याच्या आधी २०४ जणांकडे बोट दाखवणारे लोक अडाणी नव्हते. त्यांचे काम अवघड होते.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव अंगाने लहान, उंचीने बेताचे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात असताना कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले, तेव्हा त्यांचे किरकोळ शरीर पाहून त्यांना नकार मिळाला आणि प्राचार्यांकडे गेल्यावर संधी मिळाली, अशी हकीकत सांगतात. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यानंतर तसे दुसरे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. पहिल्या नकारापाशीच खाशाबा परतले असते, तर ते पदक कोठून आले असते?

पारख अचूक असली, तरी भविष्य तिच्या मुठीत राहत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. १९८८ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर एक शालेय सामना झाला. रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली तयार झालेल्या शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. त्यांच्यानंतर फलंदाजीला जाणारा अमोल मुझुमदार हा मुलगा पायांना पॅड बांधून वाट पाहत बसून राहिला. तिघेही गुणी; तिघांनाही एकच गुरू. पुढे तेंडुलकर २०० कसोटी सामने खेळले. कांबळी यांनी १७ कसोटींत ५४ हून अधिक सरासरीने धावा केल्या, पण १९९५ नंतर त्यांना कसोटी खेळता आली नाही. मुझुमदार यांनी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा काढल्या, तरी भारतीय संघाचे दार त्यांना उघडले नाही. मात्र २०२५ सालच्या २ नोव्हेंबरला भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. त्या शालेय सामन्याच्या दिवशी तिघांचे हे तीन मार्ग कोणाला वाचता आले असते?

पाचोऱ्याच्या क्रीडाशिक्षकांपाशी एक जुनी वही आहे. दरवर्षीच्या मुलांची नावे, त्यांचे आकडे आणि त्यांपुढे आपले मत, असे त्यांनी तीत लिहून ठेवले आहे. एका पानावर एका मुलाच्या नावापुढे शाईने लिहिलेले आहे : 'चपळ. पण उंची कमी. नको.' मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. पुष्कळ वर्षांनी पाचोरा स्थानकावर एक उंचापुरा तरुण गर्दीतून वाट काढीत आला आणि शिक्षकांच्या पाया पडला. ओळख पटायला वेळ लागला; कारण आता त्याच्याकडे मान वर करूनच पाहावे लागत होते.

"खेळतोस का रे अजून?" शिक्षकांनी विचारले.

"नाही सर. तुम्ही नको म्हणालात ना, मग मी पुन्हा मैदानावर आलोच नाही."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपले मास्तर बरोबरच बोलले असणार, असा त्याचा अजूनही विश्वास होता. गाडी आली, तो निघून गेला; शिक्षक मात्र बराच वेळ फलाटावर उभे राहिले.

वहीत दुसरेही एक पान आहे. त्यावर लिहिलेले आहे : 'हा देशासाठी खेळणार.' हे मत शिक्षकांनी वहीत ठेवले नाही. सर्वांदेखत बोलून दाखवले. चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४ पासून सलग तीन वर्षे 'महाराष्ट्र केसरी'चा मान मिळवल्यापासून खानदेशातील घराघरांत अशी स्वप्ने पडू लागली होती. त्या मुलाच्या घरच्यांनीही अभ्यासाचे पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतले. पुढे गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. अभ्यास तर आधीच सुटला होता. नकाराने एक मुलगा गमावला, तसा अतिस्तुतीने दुसरा.

तेव्हापासून शिक्षकांच्या पद्धतीत फरक पडला आहे. मत ते पेन्सिलीने लिहितात. नावापुढे जन्माचा महिना टिपतात. या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी मांडतात. कारण मुलगा कोठे आहे यापेक्षा तो कोठून कोठे आला, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटते. शर्यत जिंकणाऱ्याकडे सारे पाहतात. ते हरणाऱ्याकडेही पाहतात. पडलेला मुलगा रडत बाजूला बसतो, की धूळ झटकून पुन्हा रेघेवर येतो? या गोष्टीसाठी कागदावर रकाना नाही. आणि पालकांनी विचारले, तर ते म्हणतात, "खेळू द्या, आणि शिकूही द्या. एक दार उघडले नाही, तर दुसरे असावे."

यंदाच्या चाचणीत शेवटी दोन मुले उरली आणि शिफारस एकाचीच करायची होती. एक उंच, सर्व आकड्यांत पुढे. दुसरा डिसेंबरात जन्मलेला, ठेंगणा, पण आठशे मीटरच्या शर्यतीत पडूनही उठून धावलेला. शिक्षकांनी उंच मुलाचे नाव पाठवले. आकडे त्याच्या बाजूने होते, आणि त्याच्यावर अन्याय करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मग त्यांनी ठेंगण्या मुलाला जवळ बोलावले आणि त्याचे सर्व आकडे त्याला वाचून दाखवले. "या वर्षी तुझे नाव गेले नाही," ते म्हणाले, "पण हे या वर्षीचे झाले. उद्या सकाळी सहा वाजता ये. पुढच्या वर्षी हे आकडे पुन्हा मोजू."

मुलगा काही बोलला नाही. त्याच्या वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. तो पुढे मोठा खेळाडू होईल की नाही, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मैदानावर आला होता, एवढे मात्र वहीत लिहिलेले आहे.